पांढऱ्या लुगड्याचा कोपरा

माझ्या दुकानात कपाटाएवढा एक ओव्हन आहे. त्यात आजवर एकही पाव भाजलेला नाही, नानकटाई नाही, साधा पापडसुद्धा नाही. दुकान वाशिमला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मिक्सर नाहीतर इस्त्री घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्या ओव्हनकडं बघतं आणि विचारतं, "काका, यात काय भाजता?" पहिली काही वर्षं मी नीट समजावून सांगत होतो. मग कंटाळलो. आता सांगतो, "टोळ भाजतो, नवरा-नवरी भाजतो, एकदा तर वाकळ भाजली." गिऱ्हाईक हसतं आणि इस्त्री कधी मिळेल ते विचारतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी म्हणालो, अहो, मी जळालेली कॉइल बदलणारा माणूस. माझे अनुभव म्हणजे करंट बसल्याचे. पण घरात मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ते वाकयीचं लिहा न. मनातलं तरी निंघन." तिचं ऐकलं. चाळीस वर्षांचा धंदा बाजूला ठेवतो आणि त्या ओव्हनचंच सांगतो.

त्याची सुरुवात भांडणानं झाली. एका दुपारी एक बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. मला वाटलं, डब्याची कडी तुटली असेल. त्यांनी झाकण काढलं तर आत एक तपकिरी गोळा.

"हे काय आहे?"

"चिमणी होती," बाई म्हणाल्या. "तुमी दुरुस्त करून देलेल्या ओव्हननं जाळली. म्या काटा एकशेतीसवर ठेवला होता. ओव्हन खोटं बोलून राह्यला काका."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "बाई, मी इतकी वर्षं हे काम करतो. ओव्हन बोलत नाही, अन् खोटं तर अजिबात बोलत नाही."

"मंग मोजून दाखवा," असं म्हणून बाई स्टुलावर बसल्या. उठायची काही चिन्हं दिसेनात.

मी ओव्हन लावला, आत तापमान मोजायची तार सोडली. काटा एकशेतीसवर. मीटर चढत चढत एकशेअडुसष्टला गेलं, खट्ट आवाज झाला, मग उतरत उतरत एकशेपाचवर आलं, पुन्हा खट्ट. घरगुती ओव्हन असाच चालतो. जास्त तापतो, बंद पडतो, गार होतो, परत तापतो. सरासरी काढली की एकशेतीसच्या आसपास येतं. मी बाईंना म्हणालो, "पावाले काही फरक पडत नाही."

"पावाले नसन पडत. माह्या चिमणीले पडते."

ह्या संघमित्रा भगत. जऊळक्याच्या. वाशिमच्या एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवतात, रोज गाडीनं येतात-जातात. मी त्यांना भगतबाई म्हणतो. त्या दिवशी मी हरलो, आणि हरलो हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

आता ती चिमणी ज्या मातीची होती ती माती काय चीज आहे ते सांगतो, कारण लोकांचा इथंच घोटाळा होतो. पॉलिमर क्ले म्हणतात, पण त्यात मातीचा कण नाही. शेतात पाण्याचा पाइप असतो ना, पीव्हीसीचा, त्याची ही चुलत बहीण. बारीक भुकटी, तेलकट द्रव आणि रंग मिळून केलेली मऊ कणीक. हवेत ठेवली तर वाळत नाही, पाण्यात विरघळत नाही. तिला फक्त आच कळते. एकशेतीसच्या आसपास अर्धा-पाऊण तास राहिली की कायमची पक्की होते. कमी पडली तर वरून पक्की दिसते आणि महिन्यानं हातात मोडते. जास्त झाली तर काळवंडते, आणि फारच झाली तर असा उग्र धूर सोडते की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं. म्हणून स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे काम करू नये, हे मी येईल त्याला हात जोडून सांगतो. आमच्याकडं तर उन्हाळाही तिचा वैरी. वैशाखात मागवलेलं पार्सल कुरिअरच्या टपावर दोन दिवस राहिलं की माती पाकिटातच अर्धी भाजून येते. भगतबाई उन्हाळ्याची माती माघातच मागवून ठेवतात आणि माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यावर डबा ठेवून सांभाळतात.

मी हट्टाला पेटलो होतो. एक जुनं लोखंडी कपाट आणलं, अर्ध्यात कापलं, आतून दुसरा पत्रा ठोकला, मधे काचेची लोकर भरली, खाली-वर कॉइली बसवल्या. आणि खट्ट करणारा तो थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. त्याच्या जागी डिमर लावला. पंख्याच्या रेग्युलेटरसारखाच, फक्त दांडगा. त्यानं कॉइलला जेवढा हवा तेवढाच करंट जातो, आच एकसारखी राहते, मीटरचा काटा दोन डिग्रीसुद्धा हलत नाही. यात एकच गोम आहे. लाइनचं व्होल्टेज वाढलं तर आच वाढते, आणि ती कमी करायला समोर माणूस लागतो. म्हणून मी नियम केला होता, ओव्हन चालू असताना त्याच्यासमोरून उठायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. मंगल म्हणायची, "देवापुढं कधी इतके बसले नाई."

हळूहळू लोक येऊ लागले. लग्नाच्या केकवर ठेवायला नवरा-नवरी करणाऱ्या दोघी होत्या. एका नवरीची आई तीनदा येऊन गेली, "पोरीले जराशीक गोरी करा." तिसऱ्या वेळी नवरीच सोबत आली आणि म्हणाली, "गोरी केली त लोक म्हनतीन नवरी बदलली." केनवडचे नामदेवराव म्हणून एक शेतकरी आहेत. कपाशीवरची बोंडअळी शेजाऱ्यांना ओळखू येईना म्हणून त्यांनी आधी अळ्या करून दाखवल्या, मग पतंग, मग टोळ. टोळाचे पंख करताना माती इतकी पातळ लाटायचे की खालच्या वर्तमानपत्रातली अक्षरं दिसायची. त्यांच्या एका टोळाला त्यांच्याच घरच्या बाईनं चपलेनं मारलं. टोळ जसाच्या तसा. नामदेवराव तो घेऊन सकाळी सकाळी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "काका, तुमची भट्टी पास झाली." मला आयुष्यात मिळालेलं हे सर्टिफिकेट.

पण भगतबाईंची गोष्ट वेगळी. शाळा सुटल्यावर गाडीला वेळ असला की त्या माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काम करायच्या आणि मी मिक्सर बाजूला ठेवून बघत राहायचो. त्यांची खरी करामत दांडीची. रंगीत मातीच्या पट्ट्या, काड्या, गोळ्या एकमेकींना चिकटवून मनगटाएवढा उंडा करायचा. समोरून बघितलं तर काहीच कळत नाही, नुसती रंगांची गर्दी. मग तो चारी बाजूंनी सारखा दाबत दाबत, ओढत ओढत करंगळीएवढा बारीक करायचा, ही झाली दांडी, आणि ती पात्यानं कापायची. अळूवडीच्या उंड्याची प्रत्येक चकती सारखीच निघते ना, तसं हे. पण इथं चकतीवर लुगड्याचा काठ असतो, कोयऱ्यांसकट, नखाएवढा, आणि एकेक धागा वेगळा दिसतो. मनगटाएवढ्या उंड्यात केलेलं चित्र नखात मावतं आणि मोडत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चकती उजेडात धरून उलटीपालटी केली. मग म्हणालो, "बाई, तुमच्या हाताले सलाम." त्या म्हणाल्या, "हाताले नाई, दाबाले. एका बाजूनं दाब जास्त झाला की कोयरीचा बेडूक होते."

अशा बाईला नागपूरच्या एका प्रदर्शनाच्या अर्जावर 'हस्तकला' या रकान्यात खूण करायला सांगितली. शिल्प म्हणून घेत नाहीत म्हणे, खेळण्याची माती आहे. बाईंनी अर्ज परत आणला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आधी पाहा म्हनावं, मंग रकाना ठरवा." माझं तर टाळकंच तापलं. दगड फोडला की शिल्प आणि माती भाजली की खेळणं, असा हिशेब कुणी केला कोण जाणे!

पण प्रदर्शनवाल्यांचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. खेळणं म्हणणारी आणखी एक व्यक्ती घरात होती. त्यांची आई, यशोदाबाई. ऐंशीच्या घरातल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून त्यांनी मुलीला शिकवलं. मी एकदा जऊळक्याला गेलो होतो तेव्हा माझ्यासमोरच म्हणाल्या, "भाऊ, लेकरं खेळून मोठी होते. हे मोठी होऊन खेळून राह्यली." भगतबाई हसल्या. मला काही ते हसू खरं वाटलं नाही.

त्या यशोदाबाईंनी तरुणपणी एक वाकळ शिवली होती. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. त्यांचं लग्नाचं पांढरं लुगडं (बौद्ध लग्नात नवरी पांढरं नेसते), सासूचं जाडंभरडं लुगडं, नणंदेनं दिलेलं हिरवं, भगतबाईंच्या बारशाचं, अशी सतरा-अठरा लुगडी त्या एका वाकळीत होती. वापरून वापरून तिच्या चिंध्या झाल्या आणि त्या चिंध्या पेटीत राहिल्या. भगतबाईंनी ठरवलं, ही वाकळ मातीत करायची. घडी घालून ठेवलेली, हातभर लांब, वीतभर उंच. प्रत्येक ठिगळाला दांडी वेगळी. आणि ठिगळ लाटून झालं की त्यावर पेटीतली त्याच लुगड्याची चिंधी दाबायची, म्हणजे विणीचा पोत उमटतो. मग केसाएवढ्या मातीच्या दोऱ्यानं टाके. आत जाळीचा सांगाडा, बाहेर हे सगळं. दोन वर्षं त्यांनी ते काम केलं. थोडं थोडं करायच्या आणि थोडं थोडं मी भाजायचो. ही माती पुन्हा पुन्हा भाजता येते, तिचा हा मोठा गुण.

मधेच यशोदाबाईंचे डोळे बिघडले. काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता, अकोल्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्याचं सांगितलं, फार तर उन्हाळ्यापर्यंत. त्या दिवशी भगतबाई आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "काका, मायचे डोये आहेत तवर वाकय झाली पाह्यजे. तिनं एकदा पाह्यली की झालं. मंग नागपूरवाले कोन्त्याही रकान्यात टाको." त्या रात्रंदिवस कामाला लागल्या. कार्तिकात वाकळ पुरी होत आली. वरच्या कोपऱ्यातलं पांढरं लुगडं आणि त्याचे टाके बसवून झाले होते. शेवटची भाजणी बाकी होती.

आता मी काय केलं ते सांगतो.

त्या दिवशी बाईंना शाळा होती. मी दुपारी पाऊण वाजता वाकळ ओव्हनमध्ये ठेवली, काटा एकशेअठ्ठावीसवर आणून बसवला आणि समोर खुर्ची टाकली. कार्तिक म्हणजे गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस. दुपारपर्यंत खेड्यातले पंप चालू असतात, त्यामुळं गावात व्होल्टेज पडलेलं असतं. पंपांची लाइट गेली की एकदम चढतं. हे वाशिममध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तेवढ्यात एका साप्ताहिकाचा माणूस आला. "कलेचा भट्टीवाला" असा लेख त्याला करायचा होता. त्याला दुकानाची पाटी फोटोत यायला हवी होती, म्हणून मला रस्त्यावर यावं लागलं. मी केस विंचरले. शर्टाची वरची गुंडी लावली. त्यानं तीन प्रश्न विचारले आणि मी तीस उत्तरं दिली. आच कशी सांभाळावी यावर मी रस्त्यात उभा राहून भाषण देत होतो आणि आत आच वाढत होती.

वासानं कळलं. धावत जाऊन मेन स्विच पाडला, नाकाला रुमाल लावून दार उघडलं. मीटर एकशेनव्वदच्या वर. वाकळीचा कॉइलजवळचा कोपरा गेला होता. पांढरा रंग आधी जळतो. यशोदाबाईंचं लग्नाचं लुगडं जळक्या भाकरीसारखं झालं होतं, आणि शेजारची दोन ठिगळं अर्धी काळवंडली होती. बाकीचं वाचलं.

बाई यायला दोन तास होते. खोटं बोलायला भरपूर वेळ होता. व्होल्टेजवर ढकललं असतं तर त्यांनी विश्वासही ठेवला असता. त्या दारात आल्या, वासानंच थबकल्या. मी म्हणालो, "बाई, ते व्होल्टेज..." आणि वाकळ त्यांच्यापुढं सरकवली. मग म्हणालो, "मी उठलो होतो. फोटो काढायला."

त्या बराच वेळ त्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "फोटो चांगला आला का?"

चाळीस वर्षांत मला किती वेळा करंट बसला, पण असा नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "जळाली तर जळाली, मावशीले दाखवून तर द्या. डोये आहेत तवर."

"लगनाचं लुगडं जयालेलं दाखवू तिले?" बाई ताडकन म्हणाल्या. "तिनं शेवटचं पाह्यलेलं ते असन काका. नाई दाखवत." आजही त्यांचं बरोबर होतं की माझं, मला सांगता येत नाही.

जळालेला भाग खरवडून काढला आणि मग कामाची वाटणी झाली. नक्षीच्या दोन ठिगळांच्या दांड्या संपल्या होत्या, त्या पुन्हा पहिल्यापासून करायच्या. ते बाई करणार. पांढऱ्याला दांडी लागत नाही, ते मी करायचं, म्हणजे वेळ वाचेल. मी म्हटलं, सोपं आहे, पांढरं तर पांढरं. अरे देवा! ह्या मातीत पांढऱ्याइतकं अवघड काही नाही. हवेतला धुळीचा कण, बाहीचा धागा, नखातला मळ, सगळं ती ओढून घेते. आणि माझे हात! चाळीस वर्षांचं ग्रीस रेषांमध्ये मुरलेलं. साबणानं धुवायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, परत धुवायचे, आणि लाटायला घेतलं की राखेचा डाग दिसलाच. पहिले सहा तुकडे मी फेकले. मंगल म्हणाली, "घरात कधी कपबशी नाई धुतली, अन् आता दिवसभर हातच धुऊन राह्यले." सातवा तुकडा पांढरा आला तर माझ्याकडची माती संपली. नवं पार्सल यायला बारा दिवस लागले. नागपूरचं प्रदर्शन तेवढ्यात होऊन गेलं. बाईंनी त्याचं नावही काढलं नाही.

टाके घालायलाही त्यांनीच शिकवलं. मातीचा दोरा सुईच्या टोकावर घ्यायचा आणि ठेवायचा. मी दाबायचो. "काका, टाका ठोकू नका, ठेवा," त्या म्हणायच्या. माझे टाके काही केल्या त्यांच्यासारखे येईनात. एक लांब, एक आखूड, एक वाकडा. पौष उजाडला.

पौषातल्या एका सकाळी त्यांचा फोन आला. "काका, माय सकायी उठली अन् मले म्हने, लाइट लाव वो." त्या थांबल्या. "लाइट लावलेलाच होता."



"आता घाई नका करू," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी दुकान बंद करून घरी आलो आणि मंगलसमोर रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. एका मुलीला तिचं काम आईच्या डोळ्यांना एकदा दाखवायचं होतं, आणि मी त्या वेळी केस विंचरत होतो.

माघात वाकळ पुरी झाली. शेवटची भाजणी केली तेव्हा मी दुकानाला आतून कडी लावून समोर बसलो. झाल्यावर बाहेर काढली, पांढरा कोपरा पांढराच होता. भगतबाईंनी आईला गाडीनं वाशिमला आणायचं ठरवलं. मी म्हणालो, "मीच घेऊन येतो न जऊळक्याले." त्या म्हणाल्या, "नाई काका. माय म्हने, जथी होते तथी नेऊन दाखव."

यशोदाबाई आल्या. मुलीच्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात काठी. मंगल मुद्दाम दुकानात आली होती, तिनं चहा ठेवला. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, समोर टेबल ओढलं आणि वाकळ त्यावर ठेवली. भगतबाई बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वर्गात मुलांचे हात धरून रेघा शिकवणारी ही बाई, तिचे स्वतःचे हात त्या वेळी कुठं ठेवू अन् कुठं नको असे झाले होते.

यशोदाबाईंनी आधी एक बोट टेकवलं. मग पूर्ण पंजा. मग दुसरा हात. काठी सरकून खाली पडली, ती त्यांना कळलीही नाही. घडीच्या कडेवरून बोटं गेली, टाक्यावरून टाक्यावर, आणि एका ठिगळावर थांबली.

"हे कमलीचं," त्या म्हणाल्या. "नंदेचं. हिरवं. याचा काठ असाच खरखर करे." बोटं पुढं गेली. "हे तुह्या बारशाचं. अथी म्या दुहेरी टाका टाकला होता. तुले कसं ठाव?"

"चिंधीवर छिद्रं होते, माय," भगतबाई म्हणाल्या.

बोटं कोपऱ्याकडं आली. पांढऱ्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला, मग परत फिरवला. कपाळाला आठी पडली.

"हा टाका तुहा नाई. हा बाप्याच्या हातचा हाय. कोनं शिवलं हे?"

"मी, मावशी," मी म्हणालो. आणि मग सगळंच सांगून टाकलं. फोटो, व्होल्टेज, जळालेलं लुगडं, बारा दिवसांचं पार्सल. शेवटी म्हणालो, "कार्तिकातच झाली असती. तुमचे डोये होते तवा. माह्यामुळं राह्यलं."

यशोदाबाईंचा हात त्या वाकड्या टाक्यांवरच होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, डोये असते त म्या लांबूनच पाह्यलं असतं. चांगली हाय म्हनलं असतं, अन् चहा पेऊन घरी गेली असती."

मग त्यांनी मान वळवली, भगतबाई उभ्या होत्या त्या भिंतीकडं. "अन् तू तथी कायले उभी हाय? बस माह्याजवय. हे आतली घडी कशी केली ते सांग मले. दोन वर्सं मले सांगतलं काहून नाई?"

भगतबाई खाली जमिनीवर बसल्या, आईच्या गुडघ्याला टेकून. रडत होत्या आणि सांगत होत्या. दांडी कशी करतात, दाब कसा द्यायचा, चिंधी कशी उमटवायची. यशोदाबाई मधेच अडवून विचारत होत्या, "अन् मंग?" मंगलनं आणलेला चहा तसाच गार झाला. तिनं दुसरा केला, तोही गार झाला. माझं घड्याळाकडं लक्ष गेलं.

"मावशी," मी म्हणालो, "तुमची गाडी निंघन. वाकय कुठी पळून नाही जात. निंघा आता."

"जाऊ दे गाडी," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांची बोटं घडीच्या खालच्या थरात शिरली होती. "थांब जरा. माह्या सासूचं लुगडं अजून सापडलं नाई."